गाय गाभडली, आणि आता ह्यांचा ताप हटत नाही

फलटण तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून छापत नाही. पत्र मोठं आहे, त्यातलं कामापुरतं इथं देतो.

“आमच्याकडं तीन संकरित गाया, एक कालवड आणि चार शेळ्या आहेत. उन्हाळ्यात मोठी गाय सातव्या महिन्यात गाभडली. वार अडकली होती, ती ह्यांनी आणि धाकट्या दिरांनी हातानं ओढून काढली. त्यानंतर महिन्याभरात ह्यांना ताप सुरू झाला. दिवसा काम करतात, संध्याकाळ झाली की अंग मोडून येतं. रात्री बनियन पिळून काढावा इतका घाम. कंबर धरलेली असते. गावातल्या डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला, सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. आठवडाभर बरं वाटतं, की परत तेच. अडीच महिने असंच चाललंय. विचारायची लाज वाटते, पण ह्यांना खाली एका बाजूला सूजही आलीय. ते त्यांनी डॉक्टरांना सांगितलेलं नाही. गुरांच्या डॉक्टरांनी तेव्हाच म्हटलं होतं, ब्रुसेला असू शकतो, रक्त तपासू. पण गाय ठणठणीत दिसली म्हणून आम्ही परत गेलो नाही. आता दीर म्हणतात, गाय बाजारात काढा आणि कुणाला काही सांगू नका. सासूबाई नातवाला रोज सकाळी धारोष्ण दूध देतात, त्या म्हणतात गाईच्या दुधानं कधी कुणाला रोग होत नाही. सून पाच महिन्यांची गरोदर आहे. मी काय करू?”

ताई,

गाय विकायची की ठेवायची, हा तुमच्या घरात पेटलेला प्रश्न आहे. तो आठ दिवस तसाच राहू द्या. गाय कुठं पळून जात नाही. आधी दाजींना दवाखान्यात न्या, आणि या वेळी गावात नको. फलटणला किंवा साताऱ्याला, जिथं फिजिशियन आहे आणि रक्ताच्या सगळ्या तपासण्या होतात, तिथं.

तिथं गेल्यावर पहिलं वाक्य तापाचं नको. पहिलं वाक्य हे: “आमची गाय सातव्या महिन्यात गाभडली, वार ह्यांनी हातानं काढली, आणि महिन्याभरात ताप सुरू झाला.” डॉक्टरांसमोर दिवसाला तापाचे पन्नास पेशंट येतात. त्यात गोठ्यातला ताप कुठला, हे कपाळावर लिहिलेलं नसतं. गाईचं नाव निघालं नाही तर ब्रुसेला, म्हणजे गुरांकडून माणसाला लागणारा हा जंतूंचा आजार, त्यांच्या डोक्यात यायचं काही कारण नाही. तसंच गुरांच्या डॉक्टरांकडं जाल तेव्हा दाजींच्या तापाचं सांगा. तीस वर्षं मी गुरांच्या दवाखान्यात काढली आणि या आजाराचं हेच बघत आलो. माणूस एका दवाखान्यात, जनावर दुसऱ्या, आणि दोन्हीकडं अर्धीच गोष्ट पोचते. तुमच्या घरात ती पूर्ण माहीत असलेल्या तुम्ही एकट्या आहात, म्हणून सोबत तुम्हीच जा. दिराला पाठवू नका.

आता सुजेचं. ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण अख्ख्या पत्रात मला सगळ्यात जास्त सांगून गेलेली ओळ तीच आहे. ब्रुसेलाचे जंतू रक्तातून फिरतात आणि ठरावीक जागी मुक्काम करतात: सांधे, कंबरेचे मणके, आणि काही पुरुषांमध्ये अंडकोष. वळूलाही हा आजार झाला की त्याचा अंडकोष असाच सुजतो. यात लाजण्यासारखं काय आहे? संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, धरलेली कंबर आणि ही सूज, चारही एकत्र सांगितली तर डॉक्टरांचं काम निम्मं होतं. दाजी बोलणार नसतील तर कागदावर लिहून डॉक्टरांच्या पुढ्यात सरकवा. आणि ही सूज कधी एकदम वाढली, जोरात दुखायला लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिथं दुसरंही काही असू शकतं, आणि त्यातल्या काहींत वाट बघून चालत नाही.

टायफॉइडचं म्हणाल तर गावाकडं ताप आला की विडाल ही तपासणी होतेच. तिचा आकडा जरा वर दिसला की टायफॉइडचा शिक्का बसतो. एकट्या विडालवर एवढा भरवसा ठेवण्यासारखी ती तपासणी नाही. शिवाय अधूनमधून मिळालेल्या इंजेक्शनांनी ब्रुसेला थोडा दबतो, मरत नाही. ‘आठवडाभर बरं, परत तेच’ असं तुम्ही लिहिलंय. चढउताराचा ताप ही या आजाराची जुनी ओळख आहे.

तपासणी रक्ताचीच असते. रोझ बेंगॉल नावाची झटपट चाचणी आहे, मग खात्रीसाठी एसएटी किंवा एलायझा. रक्तातले जंतू वाढवून बघायची कल्चर तपासणीही करतात, तिला वेळ लागतो. कल्चरला रक्त देताना ‘ब्रुसेलाचा संशय आहे’ असं लॅबवाल्यांना जरूर सांगा, कारण हे जंतू हाताळताना प्रयोगशाळेतल्या माणसांनाच लागण झाल्याचे प्रकार जगभर घडलेत. आणि हो, ब्रुसेला निघाला नाही तर तिथंच थांबू नका. संध्याकाळचा ताप, घाम आणि कंबरदुखी मणक्याच्या टीबीतही असते. डॉक्टर तेही बघतील.

निघालाच, तर औषध आहे आणि ते चांगलं लागू पडतं. माणसाचा डोस ठरवणं माझं काम नाही, पण काय अपेक्षा ठेवायची ते सांगतो. दोन औषधं एकत्र आणि साधारण सहा आठवडे. बहुतेक वेळा डॉक्सिसायक्लीन, आणि त्याच्या जोडीला रिफाम्पिसिनच्या गोळ्या किंवा ठरावीक दिवसांची इंजेक्शनं. मणक्यात किंवा हृदयाच्या झडपेत शिरला असेल तर आणखी लांबतं. दहा-बारा दिवसांत ताप जातो, माणूस शेतात जायला लागतो आणि गोळ्या कपाटात राहतात. घोटाळा होतो तो इथं. हे जंतू आपल्याच पेशींच्या आत दडून बसतात, म्हणून औषध इतके दिवस चालवायचं असतं. मध्येच सोडलं की आजार उलटतो. पूर्ण कोर्स करूनही थोड्या जणांना तो उलटतो, त्यामुळं नंतरही डॉक्टर बोलावतील तेव्हा जायचं.

रिफाम्पिसिननं लघवी तांबूस-केशरी होते. दाजी घाबरतील, त्यांना आधीच सांगून ठेवा. हीच गोळी टीबीलाही देतात, त्यामुळं गावात कुणी पाकीट बघितलं तर कुजबुज होईल, होऊ द्या. डॉक्सिसायक्लीन भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर घशाशी जळजळतं. दुधाबरोबर घ्यायची नाही. आणि ती चालू असताना उन्हानं कातडी पटकन भाजते, तर रानात जाताना अंगभर कपडे, डोक्याला टॉवेल.

दिरांनीही वार काढली होती ना? मग त्यांचंही रक्त तपासा. ‘मला काही होत नाही’ म्हणतील. दाजींनाही महिनाभर काही होत नव्हतं.

आता सासूबाई आणि नातू. हा भाग मी जरा सविस्तर लिहितो, कारण सासूबाईंशी भांडून तो सुटणार नाही.

धारोष्ण दुधाचं आपल्याकडं मोठं कौतुक आहे. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर आजही म्हशीची धार समोर काढून पेला हातात देतात, आणि पैलवानांच्या पिढ्या त्यावर पोसल्या असं अभिमानानं सांगतात. ती चव मलाही आवडते. पण बाधित गाईच्या कासेत हे जंतू असतात आणि दुधातून पडतात. रोज पडतात असंही नाही; चार दिवस पडतात, आठ दिवस नाही. म्हणून ‘इतके दिवस पितोय, कुठं काय झालं’ हा पुरावा होत नाही. दुधाला वास येत नाही, ते नासत नाही, फॅट लागते ती लागतेच.

सासूबाई म्हणतात गाय ठणठणीत आहे. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचं बेट आहे. तिथल्या इंग्रज पलटणीत सैनिक असेच महिनोन्‌महिने तापानं पडून राहायचे. डेव्हिड ब्रूस या डॉक्टरनं १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधला, त्याचंच नाव जंतूला पडलं. पण हा येतो कुठून, हे कळायला १९०५ उजाडलं. थेमिस्टोक्लिस झामित या माल्टाच्याच डॉक्टरनं तिथल्या शेळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा त्या बाधित निघाल्या. दारोदार नेऊन ज्यांचं दूध पिळून विकत, त्याच त्या शेळ्या. खात होत्या, पीत होत्या, दूध देत होत्या. कुणी त्यांच्याकडं बोट दाखवलंच नव्हतं, कारण त्या ठणठणीत होत्या. १९०६ मध्ये सैनिकांचं शेळीचं कच्चं दूध बंद केलं आणि पलटणीतला ताप झपाट्यानं ओसरला. सासूबाईंना ही गोष्ट सांगा. मी सांगतोय म्हणून सांगा, म्हणजे तुमच्यावर राग यायला नको.

त्यांच्या हातातला पेला काढून घेऊ नका, फक्त त्यात उकळलेलं दूध येऊ द्या. चांगलं वर येऊ द्यायचं, उतू जायला आलं की आच कमी करून हलवत आणखी दोन-चार मिनिटं. तेवढ्यानं ब्रुसेला मरतो. उकळलेल्या दुधाला विरजण लावलेलं दही, त्याचं ताक, साईचं लोणी, तूप, सगळं चालतं. पंचामृताला कच्चं दूध लागतं असं घरात म्हणत असतील तर उकळून गार केलेलं वापरा, देव रागवत नाही. नीट वाफवलेल्या खरवसालाही हरकत नाही. फक्त चीक काढताना हातमोजे, आणि बोट बुडवून चव बघणं बंद. नातवाला ताप नसला तरी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा आणि तो कच्चं दूध पीत होता हे सांगा. लहान मुलांची औषधं वेगळी असतात, म्हणून मोठ्यांची गोळी अर्धी करून द्यायची हुशारी करू नका.

घरी किती दूध ठेवता आणि डेअरीला किती घालता ते पत्रात नाही. डेअरीचं दूध पुढं पाश्चराइज होतं. रतीब असेल तर त्या घरांना स्वतः जाऊन सांगा, दूध उकळूनच घ्या म्हणून. बहुतेक उकळतातच. आणि गाय तपासून होईपर्यंत त्या गाईचं दूध रतिबात नकोच.

सुनेला गोठ्यात पाठवू नका. झाडायला नको, धार काढायला नको, आणि गाय व्यायला आली असेल तेव्हा तर गोठ्याच्या आसपासही नको. गरोदरपणी हा आजार झाला तर पोट पडण्याचा धोका असतो. उकळलेलं दूध तिनं बिनधास्त प्यावं, तिला त्याची गरज आहे. दाजींच्या जवळ बसल्यानं, त्यांचं ताट धुतल्यानं तिला काही होणार नाही. माणसाकडून माणसाला हा आजार अगदी क्वचित जातो, तोही असा हवेतून नाही. तिला कणकण वाटली तर मात्र बाळंतपणाच्या डॉक्टरांना घरातलं सगळं सांगायचं.

आणि आता गाय.

एकदा गाभडली म्हणजे ब्रुसेलाच, असं नाही. गाय गाभडायला इतरही कारणं असतात: दुसरे जंतू, विषाणू, बुरशी लागलेला चारा, मार. पण सातव्या महिन्यात गाभडणं आणि वार अडकणं हे दोन्ही एकत्र आलं की गुरांच्या डॉक्टरांना पहिली शंका ब्रुसेलाची येते, आणि तुमच्या डॉक्टरांना ती आलीच होती. रक्त तपासून घ्या, तिन्ही गायांचं आणि शेळ्यांचंही. शेळ्यांमधला ब्रुसेला माणसाला गाईतल्यापेक्षा जास्त छळतो. नमुने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून जातात. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, तिथं या तपासण्या होतात. दवाखान्याशी गाठ पडत नसेल तर १९६२ या नंबरला फोन लावा. कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर जवळ ठेवा. आणि गाईला लहानपणी ब्रुसेलाची लस टोचली होती का ते आठवून सांगा, कारण त्या लसीमुळंही कधी कधी चाचणी फसते.

गाय बाधित निघाली तर तिच्यावर औषध नाही, हे स्पष्टच सांगतो. कुणी ‘पाच इंजेक्शनांत बरी करतो’ म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. अशी गाय पुढच्या खेपेला बऱ्याचदा व्यवस्थित वितेही. घरचे म्हणतात बरी झाली. पण वितानाच्या पाण्यातून, वारेतून आणि दुधातून ती जंतू टाकतच राहते.

दिरांचा तोडगा मला कळतो. गाय संकरित, दूध देतेय, बाजारात उभी केली की चांगली किंमत येईल आणि डोक्याचा ताप जाईल. पण जो नेईल त्याच्याही घरात कुणीतरी हातानं वार ओढणारा असेल आणि कुणीतरी नातवाला धारोष्ण दूध देणारी. कायद्यानंही हे बसत नाही. २००९ च्या प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांच्या कायद्यात ब्रुसेला आहे. संशय असला तरी मालकानं कळवायचं असतं, आणि रोगी जनावर बाजारात न्यायचं नसतं. पण खरं सांगू? कायद्याची भीती मी पुढं करत नाही, कारण बाजारात कुणी तपासत नाही हे दिरांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. गाय विकली तरी गोठा तोच राहतो, बाकीच्या दोन गाया त्याच दावणीला असतात आणि त्यांचं रक्त कुणी बघितलेलं नसतं. त्यातली एक पुढच्या वर्षी गाभडेल तेव्हा दीर कुठली गाय विकणार?

आपल्या राज्यात गाय कत्तलीला देता येत नाही. बाहेरच्या देशांत बाधित जनावर काढून टाकतात आणि कळप स्वच्छ करतात, तो रस्ता आपल्याला बंद आहे. तो असावा की नसावा यावर इथं वाद घालत नाही. पण दोन गायांवर घर चालवणाऱ्याच्या गळ्यात त्याचा सगळा खर्च पडतो, हे बोलायला पाहिजे. मग तुमच्या हातात उरतं ते हे: बाधित गाय वेगळ्या जागी बांधायची, तिची गव्हाण आणि पाण्याचं भांडं वेगळं, धार सगळ्यात शेवटी, दूध उकळूनच. पुन्हा गाभण घालायची की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवा; माझं विचाराल तर घालू नका, कारण तिचं पुढचं विणं हाच सगळ्यात धोक्याचा दिवस असतो. आटली की भाकड म्हणून सांभाळायची. गोशाळेत द्यायची झाली तर रिपोर्टसकट, लपवून नाही.

कालवडीचं वय लिहिलं नाहीत. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच टोचतात, सरकारी मोहिमेत फुकट आहे. केंद्राचा हा कार्यक्रम २०१९ मध्ये लाळ-खुरकुताबरोबर सुरू झाला. वय बसत असेल तर चुकवू नका. खोंडांना ही लस द्यायची नाही, गाभण गाईला नाही. लस जिवंत जंतूंची आहे, त्यामुळं टोचताना सुई माणसाला लागली तर तोही लागणीचाच प्रकार. वासरू घट्ट धरायला दोन जाणते लोक हवेत, पोरं नकोत. माणसासाठी लस नाही.

वारेचं शेवटी सांगतो, पण ते घरात सगळ्यांच्या कानावर घाला. गाभडलेलं वासरू आणि वार यांत जंतू खच्चून भरलेले असतात. आपल्याकडं वार उकिरड्यावर जाते, नाहीतर ओढ्यात. कुत्री ती ओढत गावभर नेतात आणि कुत्र्यांनाही लागण होते. यापुढं वार अडकली तर ओढायची नाही, डॉक्टरांना बोलवायचं. खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे दवाखान्यात मिळतात, दोन जोड गोठ्यात टांगून ठेवा. तोंडाला मास्क, पायात गमबूट. हाताला चीर असेल तर त्या माणसानं जवळच जायचं नाही. वार आणि मेलेलं वासरू चार-पाच फूट खड्ड्यात, वरून चुना, मग माती, आणि वर दगड म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. ती जागा विहिरीपासून लांब हवी. गोठ्याची जमीन आधी ओली करून खरवडायची, कोरडं झाडलं की धूळ नाकात जाते. मग चुना किंवा ब्लीचिंग पावडर. ओलाव्यात आणि सावलीत हे जंतू बरेच दिवस तग धरतात, उन्हात लवकर मरतात. गोठ्याच्या त्या कोपऱ्यावर पत्रा असेल तर दोन दिवस काढून ऊन येऊ द्या.

दवाखान्यात जाताना आत्तापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घाला, कुठली इंजेक्शनं झाली ते डॉक्टरांना त्यावरून कळेल. आणि एक राहिलं: बाकीच्या दोन गायांपैकी कुठली गाभण आहे का, कितवा महिना आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सहावा उलटलेली कुणी असेल तर आजच तिची दावण बदला, आणि गुरांच्या डॉक्टरांना फोन करताना तिचं आधी सांगा.